शिंकेचा ग्रह

तो ग्रह माझ्या शिंकेतून जन्माला आला, एवढी साधी गोष्ट सख्ख्या बहिणीला पटवताना माझ्या नाकी नऊ आले. हसू नका. तिचा डोळा पणाला लागला होता, आणि तोही शेवटचा.

पहिल्यापासून सांगते. मी तक्ते रंगवायचे. शाळेच्या भिंतीवर टांगलेले असतात ना, वरखाली लाकडी पट्टी ठोकलेले, ते. फळं, पक्षी, वाहनं, माणसाचा सांगाडा, चांगल्या सवयी. छापखान्याच्या माडीवर खिडकीपाशी माझं तिरकं टेबल होतं, आणि एकतीस वर्षं मी तिथे रंगांच्या बाटल्यांत मान घालून बसले. चांगल्या सवयींच्या तक्त्यात दात घासणारी मुलगी आहे ना, ती मी आरशात बघून काढलेली मीच आहे. वय तेवढं कमी केलंय, तो कलाकाराचा हक्क.

ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. प्राथमिक शाळेत बाई होती, आणि कशी बाई! सगळं करून दाखवायची. बी कशी रुजते ते ओल्या कापसात, वाफेचं पाणी कसं होतं ते किटलीवर ताटली धरून. माझा प्रत्येक तक्ता तिच्या वर्गात लागायचा. "हे माझ्या बहिणीनं काढलंय," असं ती पोरांना इतक्यांदा सांगायची, की सांगाड्यातली हाडंसुद्धा मीच तयार केली असं काही पोरांना वाटायचं. भावजी गेल्यापासून ती एकटीच राहते, माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. मी लग्नाच्या भानगडीत पडलेच नाही. त्यामुळे भांडायला आम्हाला एकमेकींशिवाय कुणी नाही.

ताईचा उजवा डोळा काचबिंदूनं गेला. दुखलं नाही, खुपलं नाही, चोरपावलांनी गेला. कळलं तेव्हा उशीर झाला होता. डाव्याचाही दाब चौतीसवर चढला, हवा एकवीसच्या आत, आणि थेंबांनी उतरेना. डोळ्यांची डॉक्टर तरुण आहे, पण बोलायला एकदम रोखठोक.

"आत पाणी तयार होतंय आणि बाहेर जायची वाट तुंबलीय," ती म्हणाली. "ऑपरेशन करून वाट काढून द्यायची. पण एक नीट ऐका, आजी. यानं नजर सुधारणार नाही. गेलेलं परत येत नाही. आहे तेवढं राखायचं, बस. आणि लांबणीवर टाकलंत तर आहे तेही जाईल."

सात तारीख ठरली, सकाळी नऊ. त्यानंतर ऑपरेशनची खोली दुरुस्तीसाठी बंद राहणार होती, पुढची तारीख मिळायला दीड महिना. तेवढा वेळ त्या डोळ्याकडे नाही, हे डॉक्टरांनी आम्हा दोघींच्या तोंडावर सांगितलं होतं.

आणि एक तारखेला मी ताईकडे पिशवी भरायला गेले, तर ती चहाचा कप खाली ठेवत शांतपणे म्हणाली, "सात तारखेला मी जाणार नाही."

"का? आता काय झालं?"

"त्या दिवशी तो ग्रह येतोय."

"कुठला ग्रह?"

"वाच." तिनं फोन माझ्यापुढे सरकवला. तिला बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून शेजारणीकडून तो मजकूर तिनं तीनदा वाचून घेतला होता. मी वाचायला लागले. शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं लपवून ठेवलेला एक ग्रह सात तारखेला सकाळी बाकीच्या ग्रहांच्या ओळीत येऊन उभा राहणार. नऊ ग्रहांची ओढ एकाच दिशेनं लागणार. समुद्राला उधाण येणार, माणसाच्या अंगातलं पाणी वर ओढलं जाणार, म्हणून त्या दिवशी अंगाला सुरी लावू नये. हे जास्तीत जास्त लोकांना पाठवा वगैरे वगैरे. खाली पुरावा म्हणून एक चित्र.

चित्र उघडलं आणि मी चाटच पडले. माझा तक्ता! माझा सूर्य, डाव्या कोपऱ्यात कापलेला. माझी पृथ्वी, माझा गुरू, माझा शनी. आणि शनीच्या उजवीकडे, मागे बारीक शेपटी असलेला एक पांढरा ठिपका, त्याभोवती कुणीतरी लाल गोल काढलेला. 'हाच तो. शेपटीवरून वेगाचा अंदाज येतो,' असं शेजारी लिहिलेलं.

"अगं ताई," मी ओरडलेच, "ही माझी शिंक आहे!"

ताईनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं ती गृहपाठ घरी राहिला म्हणणाऱ्या पोराकडे पाहायची.

तर त्या शिंकेचं असं झालं होतं. तारे काढायची आमची एक रीत असते. दात घासायचा जुना ब्रश पांढऱ्या रंगात बुडवायचा, निळ्या कागदासमोर धरायचा, केसांवरून अंगठा मागे ओढायचा. फर्रकन बारीक ठिपके उडतात, की झालं आभाळ तयार. त्या दिवशी मालक डोक्यावर उभे होते, संध्याकाळी तक्ता छपाईला जायचा होता, मला सडकून सर्दी झालेली. ब्रश हातात आणि आली शिंक. हात आवळला गेला, एक जाड थेंब शनीशेजारी पडला आणि टेबल तिरकं म्हणून जरासा खाली ओघळला. निळ्यावर निळा लावून झाकायला गेलं की डाग दुप्पट दिसतो. मालक म्हणाले, "राहू दे, तारा समजतील." आणि मीही राहू दिला.

हे सगळं मी ताईला घडाघडा सांगितलं. ती उठली, कपाट चाचपून एक पुठ्ठ्याची पेटी काढली, तिच्यातून बोटांच्या अंदाजानं एक पाकीट काढलं आणि माझ्या हातात दिलं.

"मोठ्यानं वाच."

माझंच पत्र होतं. बत्तीस वर्षांपूर्वीचं, माझ्याच गिचमिड अक्षरातलं. "ताई, तुझ्या वर्गातल्या मुलीनं विचारलेला शनीशेजारचा ठिपका हा एक लांबचा ग्रह आहे. त्याचं नाव अजून ठेवायचं आहे. मुलांना खुशाल सांग."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी साफ विसरले होते. चौथीतल्या कुठल्याशा चिमुरडीनं 'बाई, हा कोण?' असं विचारलं होतं, आणि तेव्हा जवळच्या गावात राहणाऱ्या ताईनं मोठ्या विश्वासानं मला पत्र टाकलं होतं. आणि मी? माझ्या चित्रात डाग आहे, हे बहिणीपुढे कबूल करायची लाज वाटली मला. इतक्या कौतुकानं टांगते ती माझा तक्ता, आणि मी तिला सांगू, की मला शेंबूड आला होता म्हणून? एका ओळीत थाप मारून मोकळी झाले. त्यावर ताईनं वीस वर्षं, दर वर्षी, नव्या वर्गाला निनावी ग्रह शिकवला. मुलांकडून त्याला नावं सुचवून घ्यायची म्हणे. फळ्याच्या बाजूला यादी लावायची.

"ताई, खोटं लिहिलं होतं गं मी. लाज वाटली म्हणून."

"बरं. मग खोटं कुठलं? तेव्हाचं की आत्ताचं?"

"तेव्हाचं!"

"कशावरून? तेव्हा तुला खोटं बोलायची गरज नव्हती. आज आहे. मला त्या टेबलावर झोपवायचं म्हणून आज तू वाट्टेल ते बोलशील." आणि मग तिचा आवाज जरा फुटला. "चिंगे, डॉक्टरच म्हणाली ना, माझ्या डोळ्यात पाणी कोंडलंय? आणि त्याच दिवशी सगळं पाणी वर ओढलं गेलं तर? मला एकच डोळा आहे गं. तुला दोन आहेत, तुला काय कळणार?"

मला रडू यायच्या ऐवजी राग येतो, ही माझी जुनी खोड. "बस मग त्या पेटीला कवटाळून आंधळी होऊन!" असं बोलले आणि चपला घालून तरातरा निघून आले. दुसऱ्या गल्लीत पोहोचेपर्यंत माझ्या जिभेला मीच शंभर शिव्या दिल्या होत्या. पण परत फिरले नाही. फिरले असते तर ती मी कसली?

दुसऱ्या दिवशी एकटीच डॉक्टरकडे गेले. तिनं तो मजकूर वाचला, हसली नाही, उलट सुस्कारा टाकला. म्हणाली, "या आठवड्यात हे दाखवणाऱ्या तुम्ही चौथ्या. समुद्राला चंद्र ओढतो, कारण तो जवळ आहे. ग्रह इतके लांब आहेत, की मी ऑपरेशनला तुमच्या ताईंवर वाकेन ना, तेव्हा त्यांच्या डोळ्यातल्या पाण्यावर गुरूपेक्षा माझ्याच डोक्याचा परिणाम जास्त होईल. आणि तोही शून्यच."

"हे तुम्ही तिला सांगा ना."

"सांगेन. पण त्या माझं कशाला ऐकतील? त्यांचा विश्वास तुमच्यावर आहे. घोळ तिथेच तर झालाय." मग कागद पुढे सरकवत म्हणाली, "सहा तारखेला दुपारी चारपर्यंत त्यांची सही लागेल. नाही आली तर ती वेळ दुसऱ्या पेशंटला देईन. मला द्यावीच लागेल."

घरी आले आणि दोन दिवस नुसती येरझारा घालत राहिले. ताईला फोन केला, तिनं उचलला नाही. बोलून काही होणार नव्हतं, कारण माझा प्रत्येक शब्द आता संशयित होता. स्वतःच्या हातांनी माती खाल्ली होती मी, तीही बत्तीस वर्षांपूर्वी, आणि निस्तरायची वेळ आत्ता आली होती.

चार तारखेला रात्रीचं जेवण उरकून भांडी घासत होते. बशी धुताना एकदम मनात आलं, की अगं बाई, तू सांगत काय बसलीस? त्या बाईनं जन्मात कधी नुसतं सांगितलेलं कबूल केलंय का? तिला करून दाखवावं लागतं. भांडी तशीच टाकली आणि माळ्यावरून जुनी पेटी खाली काढली.

पाच तारखेला सकाळी ताईच्या दारात उभी राहिले. काखेत चित्राचा फळा, पिशवीत निळा कागद, पांढऱ्या रंगाची बाटली, दात घासायचा एक जुना ब्रश आणि मिरपुडीची डबी.

"भांडायला आलीस?" ताईनं विचारलं.

"प्रयोग करायला आलेय."

हा शब्द बरोबर लागला. ती बाजूला झाली.

मी जेवणाच्या टेबलावर फळा तिरका टेकवला, कागद टाचला, पांढरा रंग नेहमीसारखा कालवला. ताई भिंग घेऊन शेजारी बसली. मी ब्रश बुडवला, अंगठा ओढला. फर्रर्र. बारीक ठिपके उडाले.

"यात काही शेपटीवाला दिसत नाही," ताई म्हणाली.

"कसा दिसेल? शिंकले कुठे अजून?"

"थांब. आधी आणखी दोनदा न शिंकता कर. एकदा केलेलं खरं धरत नाहीत." शाळा सुटली तरी बाई काही सुटत नाही. मी निमूटपणे आणखी दोनदा केलं. बारीकच ठिपके आले.

मग मी मिरपूड नाकाशी नेली. काही नाही. अजून जवळ नेली. तरी काही नाही! एरवी धुळीच्या कणानं सात-सात शिंका देणारं माझं नाक त्या दिवशी संपावर गेलं होतं. मी डबीत नाकच खुपसणार होते, तेवढ्यात ताई म्हणाली, "इकडे आण, बघू, शिळी झाली असेल." आणि तिनं हुंगली. हुंगली कसली, छातीभर ओढली! अशी शिंकली, की मांडीवरचं भिंग खाली गेलं. तिच्या फुंकरीनं डबीतली अर्धी पूड माझ्या तोंडावर आली, आणि मग मी शिंकले. एक, दोन, तीन. हात आवळला गेला. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, मला काही दिसेना.

"थांब, हलू नकोस," ताई म्हणत होती. "पडला! चिंगे, पडला बघ!"

निळ्या कागदावर ताऱ्यांच्या मधोमध एक जाड पांढरा थेंब बसला होता, आणि आमच्या डोळ्यांदेखत तो सावकाश खाली ओघळत होता. बारीक शेपटी निघाली. ताईनं भिंग उचललं आणि डावा डोळा कागदाला जवळजवळ टेकवला. मग फोनमधलं चित्र मोठं करून पाहिलं. मग पुन्हा कागद. असं तिनं किती वेळा केलं कोण जाणे. मला नाक पुसायचंही भान नव्हतं.

"आणि ही ओळ?" शेवटी तिनं विचारलं. "सगळे एका रेषेत उभे आहेत ती?"

"कागद आडवा होता गं. वीस बाय तीस. ओळीत नाही मांडायचे तर कुठे मांडायचे? खरे कुणी सूर्याच्या अलीकडे असतात, कुणी पलीकडे, सगळे आपापल्या वाटेनं फिरत असतात."

"तू पाहिलेस?"

"नाही. पुस्तकातून उतरवले."

"जन्मभर ग्रह रंगवलेस आणि एकदाही मान वर करून पाहिलं नाहीस?"

"सांगाडा तरी कुठे पाहिला होता मी?"

ती हसेल असं वाटलं होतं. पण तिनं भिंग बाजूला ठेवलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "वीस वर्षं," ती म्हणाली. "दर वर्षी चाळीस मुलं. हातात खडू घेऊन मी त्यांना तुझी शिंक शिकवली."

मी तिच्या पायाशी जमिनीवर बसले. "माझं चुकलं, ताई." आयुष्यात पहिल्यांदा, पुढे 'पण' न लावता म्हणाले. "तू विश्वासानं विचारलंस आणि मी थाप मारली. तुझी काहीच चूक नाही यात."

"माझी कशी नाही? पुढे विचारायला हवं होतं मी. मुलीनं मला विचारलं, मी तुला विचारलं आणि तिथेच थांबले." तिनं डोळे पुसले आणि एकदम सरळ बसली. "हा ग्रह आला कुठून ते बघ. वर जा. अगदी पहिल्या निरोपापर्यंत."

तिच्या जुन्या विद्यार्थ्यांचा फोनवर एक गट आहे, 'बाईंचा वर्ग' नावाचा. मी त्यातले निरोप मागे मागे सरकवत गेले. दोन महिन्यांपूर्वी सापडलं. एकानं, आता तो दुधाची गाडी चालवतो, शाळेच्या अडगळीत मिळालेल्या तक्त्याचा फोटो टाकला होता. "आठवतो का बाईंचा बिननावाचा ग्रह?" बिचाऱ्यानं प्रेमानं टाकला होता. दुसऱ्यानं त्याभोवती लाल गोल काढला. तिसरीनं गमतीत लिहिलं, "येतोय की काय भेटायला?" चौथ्यानं कुठूनशी तारीख आणली. मग तो निरोप गटाबाहेर गेला, आणि परत आला तेव्हा त्यात समुद्र, सुरी आणि लपवाछपवी करणारे शास्त्रज्ञ, सगळे जमा झाले होते. वाईट असं कुणाच्याच मनात नव्हतं. प्रत्येकानं चिमूट-चिमूट भर घातली होती, आणि पहिली चिमूट माझी होती.

"लाव तो फोन बोलण्यावर," ताई म्हणाली.

"काय बोलणार आहेस?"

"जे तासाला बोलले असते ते."

मी बटण दाबून धरलं. ताईनं घसा खाकरला आणि तिचा तो वर्गातला आवाज निघाला, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. "मुलांनो, मी बाई बोलतेय. शनीशेजारी मी तुम्हाला जो ग्रह शिकवला, तो ग्रह नाही. तो रंगाचा डाग आहे. मला चुकीचं सांगितलं गेलं, आणि मी खात्री न करता तुम्हाला शिकवलं. चूक माझी आहे. सात तारखेला काहीही होणार नाही. त्या दिवशी सकाळी नऊ वाजता माझ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे आणि मी जाणार आहे. ज्यांनी ज्यांनी तो निरोप पुढे पाठवलाय, त्यांनी हाही त्याच सगळ्यांना पाठवायचा. उद्या मी विचारणार आहे."

मी बटण सोडलं. सत्तर वर्षांची बाई, पोरांपुढे चूक कबूल करून बसली होती. निरोप गेला आणि आम्ही दोघी फोनकडे बघत बसलो. हसतील का तिला? हसले असते तर मी एकेकाच्या घरी जाऊन कान उपटले असते, वय गेलं खड्ड्यात.

पहिलं उत्तर दुधाच्या गाडीवाल्याचं आलं, मी ते मोठ्यानं वाचलं. "हो बाई. लगेच पाठवतो." मग आणखी एक, मग आणखी चार. मग एका बाईचं, शिवणकाम करते ती. "बाई, सात तारखेला आईच्या मणक्याचं ऑपरेशन होतं, आम्ही कालच रद्द केलं होतं. आत्ता दवाखान्यात फोन लावते." थोड्या वेळानं पुन्हा तिचंच. "मिळाली बाई तारीख. तीच."

ताईनं तिची दोन्ही उत्तरं माझ्याकडून पुन्हा वाचून घेतली. मग म्हणाली, "कागद आण तो. सहीचा."

सात तारखेला सकाळी समुद्राला उधाण आलं नाही. बाथरूमच्या नळाला नेहमीइतकंही पाणी नव्हतं. नऊ वाजता ताईला आत नेलं, आणि मी बाकावर बसून नखं खाल्ली, इतकी, की दहा बोटं पुरली नाहीत. अकराला डॉक्टर बाहेर आली. "नीट झालं. वाट काढून दिलीय. आता ती वाट उघडी राहते का, ते तीन आठवड्यांनी कळेल."

तिन्हीसांजेला ताईचा डोळा लागला तेव्हा मी पाय मोकळे करायला दवाखान्याच्या पायऱ्यांवर आले. खाली रखवालदार चार-पाच जणांना जमवून पश्चिमेकडे बोट दाखवत होता. समोरच्या इमारतीच्या टाकीवर एक प्रखर पांढरा दिवा आभाळात लटकत होता. "आला बघा," तो म्हणाला, "आजचीच तारीख दिली होती." खरं सांगते, क्षणभर माझ्याही काळजात चर्र झालं. मला तरी कुठे ठाऊक होतं तो काय आहे ते!

तेवढ्यात डॉक्टर गाडीची किल्ली शोधत बाहेर आली. "शुक्र आहे तो," वर न बघताच म्हणाली. "गेले दोन महिने रोज संध्याकाळी तिथेच असतो."

"रोज?" रखवालदार म्हणाला. "मी तर रोज इथेच असतो!"

सगळे हसले, तोही हसला. मी मात्र तिथेच उभी राहिले. इतकी वर्षं पोटापाण्यासाठी रंगवला, आणि आज त्रेसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा पाहत होते. मी त्याला पिवळा केला होता. तो पांढराशुभ्र होता, आणि माझ्या शनी-गुरूंपैकी कुणीच त्याच्या शेजारी रांगेत उभं नव्हतं. फार सुंदर दिसत होता. तो टाकीमागे जाईपर्यंत मी हलले नाही.

पुढचे तीन आठवडे कसे काढले ते माझं मला माहीत. पट्टी निघाली, पण ताईला सगळं धुक्यातलं दिसायचं. डॉक्टर म्हणायची, "सुरुवातीला असं होतं," पण मला धीर कुठला? ताईनं कप शोधताना टेबल चाचपलं, की मी धावत जाऊन तो तिच्या हातात द्यायचे. मी तिला ढकलत नेलं होतं. डोळा गेला असता, तर ते माझ्या माथी होतं. ती मात्र मला एका शब्दानं बोलली नाही. रोज दुपारी कुणी ना कुणी विद्यार्थी यायचा आणि तिला वर्तमानपत्र वाचून दाखवायचा, आणि ती पडल्या पडल्या त्याचे उच्चार सुधारायची.

तपासणीच्या दिवशी ताईला त्या उंच खुर्चीत बसवलं. समोर अक्षरांचा तक्ता. मी दाराशी उभी.

"वरून वाचा, आजी."

ताईनं पहिली ओळ वाचली. दुसरी वाचली. तिसरी, चौथी. पाचवीला अडखळत अडखळत शेवटपर्यंत पोहोचली. सहावीला थांबली. "नाही दिसत."

"ठीक आहे," डॉक्टर म्हणाली.

"ठीक काय?" ताई वैतागली. "ऑपरेशनच्या आधीही पाचवीच दिसत होती मला! एवढी उस्तवार केली, तीन आठवडे अंथरुणात काढले, आणि फरक काय पडला?"

"काहीच नाही," डॉक्टर म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिला मी तोंडभर हसताना पाहिलं. "दाब तेरा आहे."

मी दाराशीच भोकाड पसरलं. लाज नाही, शरम नाही, अगदी लहान पोरासारखं. मला राग येतो, रडू येत नाही, असं मीच तुम्हाला मघाशी सांगितलं ना? त्या दिवशी आलं. बाहेर रांगेत बसलेले लोक वाकून बघायला लागले, त्यांना वाटलं आत काहीतरी विपरीत घडलं.

"अगं, हिला आवरा कुणीतरी," ताई म्हणाली. मग तिचं तिलाच उमगलं असावं. तिनं हात लांब केला, मला जवळ ओढलं, माझं डोकं आपल्या पोटाशी धरलं आणि माझ्या डोक्यावरून डॉक्टरला विचारलं, "ही पाचवी ओळ मला किती वर्षं दिसेल?"

"थेंब चुकवू नका. तपासणी चुकवू नका," डॉक्टर कागदावर लिहिता लिहिता म्हणाली. "तुम्हाला पुरेल, आजी."